पेठेतील वाट आणि यंत्राचा आवाज

बाजार आणि आवाज यांची जोडी फार जुनी आहे. ज्या पेठेत आवाज नाही ती पेठ ओसाड पडली, असेच लोक समजतात. भाजीवालीची हाळी, ओझे घेऊन येणाऱ्या हमालाची वाट मागणारी आरोळी, तांबट आळीतील ठोके, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांची कुजबूज आणि क्वचित त्यांचे भांडण, या सर्वांचा मिळून एक नाद तयार होतो व त्यालाच पेठेची जाग असे म्हणतात. या आवाजाविरुद्ध कोणी अर्ज केल्याचे सहसा ऐकू येत नाही. परंतु त्याच पेठेतून सायलेन्सर काढलेली एखादी मोटारसायकल फडफडत गेली की दुकानदाराचे बोलणे अर्ध्यावर तुटते, माडीवर झोपलेले मूल दचकून उठते आणि मग नगरपालिकेकडे व पोलीस ठाण्याकडे तक्रारी जातात. तक्रारीपाठोपाठ बंदीची मागणी येते. वाहनांनाच पेठेत मज्जाव करा, म्हणजे गोंगाट आपोआप थांबेल, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद कितपत खरा आहे, याचा विचार करावयाचा तर थोडे इतिहासात डोकावणे इष्ट ठरेल. बेळगाव आणि निपाणी या दोन पेठांचा इतिहास त्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

वाहनबंदी ही काही आधुनिक युगाची कल्पना नव्हे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरने रोम शहरासाठी एक कायदा केला आणि सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालवाहू गाड्यांना शहरात येण्यास मनाई केली. मंदिरांच्या व सार्वजनिक इमारतींच्या बांधकामाचे सामान आणणाऱ्या गाड्यांना तेवढी सवलत होती. रस्ते दिवसा मोकळे झाले खरे; परंतु गाड्या नाहीशा झाल्या नाहीत, त्या रात्री येऊ लागल्या. पुढे दीडशे वर्षांनी जुव्हेनल या उपहासकाराने रोममधील रात्रींचे जे वर्णन केले, त्यात अरुंद वळणांवर अडकलेल्या गाड्यांचा व गाडीवानांच्या शिवीगाळीचा उल्लेख आहे. रोममध्ये झोप केवळ धनवंतांनाच परवडते, असा त्याच्या तक्रारीचा आशय होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. बंदीमुळे त्रास नाहीसा होईलच असे नाही. पुष्कळदा तो एका वेळेतून दुसऱ्या वेळेत किंवा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातो. तो कोणाच्या दारात जाऊन बसला, हे पाहिल्यावाचून बंदीच्या यशापयशाचा निर्णय करता येत नाही.

बेळगावची पेठ वाढली ती बैलगाडीच्या काळात. घाटावरचा माल अंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जावयाचा आणि बंदरावरचा माल त्याच वाटेने वर यावयाचा. या येण्याजाण्यात बेळगाव हे मोठे विसाव्याचे व व्यापाराचे ठाणे होते. इंग्रजी अमलात येथे लष्करी छावणी बसली, तिच्या गरजांमुळे पेठेला आणखी उठाव मिळाला. १८५१ साली नगरपालिका स्थापन झाली. १८८७ साली रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याच्या वाटेचे महत्त्व ओसरू लागले. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, नरवेकर गल्ली, रविवार पेठ ही नावे आजही बेळगावकरांच्या तोंडी आहेत. या गल्ल्यांची रुंदी माणसाच्या चालीने व बैलाच्या गतीने ठरलेली आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी घरांची रचना. व्यापारी ज्या उंबऱ्यावर बसून दिवसभर माल विकी, त्याच्याच माथ्यावर त्याचे कुटुंब राहत असे. त्यामुळे ही पेठ केवळ व्यापाराची जागा कधीच नव्हती. ती वस्तीही होती. पुढे यंत्राच्या आवाजाचा प्रश्न जो इतका बिकट झाला, त्याचे मूळ या रचनेत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बेळगावला चिकटून असलेले शहापूर हे सांगली संस्थानात मोडत असे. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत बेळगावच्या पेठेतून निघालेला गाडीवान शहापुरात शिरला की तो इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात जाई. एका हद्दीतला नियम दुसऱ्या हद्दीत लागू नसे. सीमेवर राहण्याची सवय या भागाला १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने प्रथम लागली असे नव्हे. ती त्याआधीची आहे.

याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान काढले. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. तिची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात, म्हणजे साहेब लोकांना, सरदारांना आणि थोड्या धनिकांनाच झेपणारी होती. लक्ष्मणराव त्या वेळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत, दुरुस्त करीत व गिऱ्हाइकाला चालविण्यासही शिकवीत. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले, सायकलींच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. ज्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते, तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. दोन चाकांचे वाहन या पेठेत आले ते असे, कौतुकाने पाहिले जाणारे आणि जवळजवळ निःशब्द.

परंतु १९१० साली गावच्या नव्या वस्तीसाठी जागा हवी म्हणून किर्लोस्करांच्या कारखान्याला जागा सोडण्याची सूचना नगरपालिकेकडून मिळाली. कारखाना गोंगाट करतो म्हणून ही सूचना नव्हती. गावाच्या वाढीची ती गरज मानली गेली. लक्ष्मणराव जागेच्या विवंचनेत असता औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावला नवी वस्ती मिळाली, आणि पुढे भारताच्या उद्योगक्षेत्रात अग्रभागी चमकलेला एक कारखाना त्याच्या हातून निसटला. नगरपालिकेचे त्या वेळी चुकले असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. नगररचनेचा कोणताही निर्णय घेताना गावाला काय मिळते याबरोबर काय जाते याचाही हिशेब मांडावा लागतो, एवढाच या घटनेचा अर्थ आहे. पेठेत वाहनबंदी करू पाहणाऱ्यांनी ही घटना स्मरणात ठेवणे योग्य होईल.

आता मोटारीकडे व मोटारसायकलकडे वळू. १८८५ साली जर्मनीत गोटलिब डाइम्लरने लाकडी चौकटीच्या दुचाकीवर पेट्रोलचे यंत्र बसविले, तेथून या वाहनाचा प्रवास सुरू झाला. यंत्राच्या नळकांड्यात इंधनाचा स्फोट होतो आणि जळलेला वायू प्रचंड दाबाने बाहेर पडतो. तो जर सरळ मोकळ्या हवेत सोडला तर प्रत्येक स्फोटाचा आवाज बंदुकीच्या बारासारखा ऐकू येतो. सायलेन्सरमधील कप्पे व पडदे या वायूला आडवळणाने नेतात, त्याचा जोर मोडतात आणि मगच त्याला बाहेर सोडतात. सुरुवातीच्या काळात चढावर गाडीला अधिक जोर मिळावा म्हणून हा वायू सायलेन्सरला वगळून बाहेर सोडणारी एक झडप असे. तिला कटआउट म्हणत. ती उघडली की गाडीला थोडा जोर मिळे आणि सारा गाव जागा होई. यामुळे मोटारीच्या अगदी बालपणीच कायदेकर्त्यांना या कटआउटची दखल घ्यावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीने भारताच्या मोटार वाहन कायद्यात जे १९४ एफ हे कलम आले, त्यातही हा शब्द टिकून आहे. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजविणे, मनाईच्या जागी तो वाजविणे आणि कटआउटच्या द्वारे सायलेन्सरवाचून वायू बाहेर सोडणे, या तिन्ही अपराधांना पहिल्या खेपेस एक हजार व पुढील प्रत्येक खेपेस दोन हजार रुपये दंड या कलमात सांगितला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाने घाट चढताना केलेली खोडी आणि आजच्या तरुणाने सायलेन्सरमधील पडदे काढून केलेली खोडी, या दोन्ही कायद्याच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत.

रस्त्यावरील आवाजाचे नियमन करणारे भारतातील पहिले कायदे मात्र यंत्रासाठी नव्हते. १८६१ च्या पोलीस कायद्यात सणासमारंभांच्या वेळी रस्त्यात वाद्ये कितपत वाजवावीत हे ठरविण्याचा अधिकार पोलिसांस दिलेला होता. सरकारला त्या काळी भय होते ते मिरवणुकीचे. १९१४ साली संपूर्ण हिंदुस्थानसाठी पहिला मोटार वाहन कायदा झाला, १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली आणि १९८८ साली आजचा कायदा आला. या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार सार्वजनिक सुरक्षितता वा सोय, अथवा रस्त्याचे स्वरूप, यांसाठी विशिष्ट भागात किंवा विशिष्ट रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. त्यातच एक महत्त्वाची मेख आहे. बंदी एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहावयाची असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. महिन्याच्या आतील बंदीला स्थानिक प्रसिद्धी पुरते. गणेशोत्सव वा दिवाळी जवळ आली की बाजारपेठांच्या तोंडाशी लोखंडी अडथळे उभे राहतात, आणि सण संपताच ते बाजूला सरतात, यामागील कायदेशीर सोय ही अशी आहे. तात्पुरत्या बंदीचा मार्ग सोपा आहे. कायमच्या बंदीला अधिक विचार, अधिक कागद आणि अधिक जबाबदारी लागते.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे मोटारसायकल ही पेठेची अडचण नव्हती, कारण ती मुळात थोडी होती. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट येथेच तयार होऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांचेच नाव पुढे येझदी झाले. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परवाना पद्धतीने उत्पादनाला बांध घातला होता, आणि त्या बांधामुळे पेठांनाही नकळत संरक्षण मिळत होते. बेळगावचा सर्वसामान्य नोकरदार सायकलवरून पेठेत येई. हा बांध १९८४-८५ च्या सुमारास फुटला. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या निघाल्या. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली. या दुसऱ्या गाडीचा विशिष्ट टणकार तरुणांना इतका भावला की, १९९६ साली तिचे उत्पादन थांबल्यावरही जुन्या गाड्या शोधून, उजळून लोक त्या मिरवीत राहिले. आज देशात नोंदल्या गेलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. बैलाच्या गतीने आखलेल्या गल्ल्यांमध्ये ही वाहने शिरली आणि भिंतींमधील अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

हे अंतर केवळ रहदारीच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. मोकळ्या माळावर निघालेला आवाज चोहीकडे पसरतो व विरतो. दोन्ही बाजूंना उंच घरे असलेल्या अरुंद गल्लीत तोच आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो. डेसिबलचे मापही समजून घेण्याजोगे आहे. हे माप साध्या बेरजेने चढत नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली, आणि कानाला तो आवाज जवळजवळ दुप्पट भासला, असे समजावे. नव्या दुचाकीसाठी भारतात ठरलेली आवाजाची कमाल मर्यादा तिच्या यंत्राच्या आकारानुसार ७५ ते ८० डेसिबल इतकी आहे. अर्थात कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी सहसा निर्दोष असते. गल्लीत ऐकू येणारी कर्कश गाडी पुढे मालकाच्या हौसेने आणि एखाद्या कारागिराच्या हाताने घडलेली असते.

बेळगावहून उत्तरेला निघून संकेश्वर ओलांडले की निपाणी लागते. निपाणीचा इतिहास निराळा आहे. सिदोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे निपाणकर देसाई, यांच्यामुळे पेशवाईच्या उत्तरार्धात हे गाव नावारूपाला आले. १८३९ साली ही जहागीर इंग्रजांकडे गेली. पेठ मात्र राहिली व वाढली. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या परिसरात पिकणाऱ्या तंबाखूने तिला दूरवर नाव मिळवून दिले. निपाणीला रेल्वे नाही. त्यामुळे गावाचे सारे जीवित पुणे-बंगळूर रस्त्यावर अवलंबून राहिले. जो रस्ता गावातून जात होता त्याला आता बेळगावाप्रमाणेच निपाणीतही ‘जुना पी. बी. रोड’ म्हणतात, महामार्गाची मोठी वाहतूक गावाबाहेरून वळविली गेली आणि जुना रस्ता पेठेचा रस्ता बनला. रस्त्याची नाडी आवळली की काय होते, हे निपाणीने १९८१ साली पाहिले आहे. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवून धरला होता. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. वाट अडविणे आणि वाट मोकळी करणे या गोष्टी या भागात केवळ वाहतुकीच्या कधीच नव्हत्या. त्यांच्याशी भाकरीचा संबंध होता.

हाच संबंध मोटारसायकलच्या प्रश्नातही आहे. पेठेत येणारी प्रत्येक दुचाकी हौशी तरुणाची नसते. येळ्ळूर, कडोली, उचगाव या बाजूंनी पहाटे दुधाच्या किटल्या लटकावून येणारा गवळी, भाजीचे गाठोडे मागे बांधून येणारे नवराबायको, गिऱ्हाइकाच्या घरी माल पोहोचविणारा दुकानातील नोकर, हे सर्व दुचाकीवरच येतात. १९६० साली जे काम बैलगाडी, सायकल आणि डोक्यावरची पाटी करीत होती, ते आज मोटारसायकल करते. पेठेच्या तोंडाशी ‘दुचाकीस बंदी’ असा फलक लावला तर कर्कश आवाज करणारा एक आणि मुकाट्याने येणारे नव्याण्णव, या सर्वांना एकच शिक्षा होते. उलट, कोणतीही बंदी नको असे म्हणावे तर पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला, मुलाचा हात धरून खरेदीला आलेल्या आईला आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या फुलवालीला रोज जीव मुठीत धरावा लागतो. त्यांनाही वाट हवी आहे, आणि त्या वाटेवर त्यांचा हक्क मोटारसायकलपेक्षा जुना आहे. रस्त्यावरील विक्रेत्यांचा हक्क तर २०१४ च्या कायद्याने मान्यच केला आहे. वाहनांना बंदी करताना त्यांनाही उठवून लावणे, ही गोष्ट त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरेल.

ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली आले. त्यांनी शहराचे चार भाग कल्पिले. औद्योगिक भागात दिवसा ७५ व रात्री ७०, व्यापारी भागात ६५ व ५५, निवासी भागात ५५ व ४५, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल, अशा मर्यादा त्यात आहेत. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस मानला आहे. जेथे दोन प्रकारचे भाग एकमेकांत मिसळलेले असतील, तेथे तो भाग कोणत्या वर्गात धरावयाचा हे सक्षम अधिकाऱ्याने ठरवावे, असेही नियमांत म्हटले आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या गल्लीत या तरतुदीचे महत्त्व फार मोठे आहे. त्या गल्लीला व्यापारी म्हटले तर माडीवरच्या मुलाला ६५ डेसिबल सोसावे लागतील. निवासी म्हटले तर ५५. कागदावरच्या एका शब्दाने त्याच्या झोपेत दहा डेसिबलचा फरक पडतो. शिवाय मर्यादेपेक्षा दहा डेसिबल वा अधिक आवाज झाला तर नागरिकाने तक्रार करावी, असा नियमांचा रोख आहे. म्हणजे व्यापारी ठरलेल्या गल्लीत दिवसा ७५ डेसिबलपर्यंत आवाज चढेतो तक्रारीला नियमाचे पाठबळ कमीच. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिप्रदूषणावर जो सविस्तर निर्णय दिला, त्यात शांत जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. इतका मोठा हक्क गल्लीच्या वर्गवारीवर अवलंबून असेल, तर ती वर्गवारी नागरिकांनी विचारून घेतली पाहिजे.

इतर शहरांनी काय केले ते पाहू. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९६२ साली स्ट्रॉइएट हा बाजाराचा रस्ता वाहनांना बंद करण्यात आला, तो प्रथम केवळ प्रयोग म्हणून. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने दुकानदारांनी विरोध केला. गिऱ्हाईक वाढले, आणि दोन वर्षांनी प्रयोग कायम झाला. चीनमधील ग्वांगझो शहराने २००७ च्या आरंभापासून शहरी भागात मोटारसायकलींना मज्जाव केला. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ साली नवा पादचारी रस्ता खुला झाला व सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी आली. पण बंदी मोडली जात असल्याच्या तक्रारी पुढेही होत राहिल्या. पुण्याचा लक्ष्मी रस्ता २०२१ पासून ११ डिसेंबर या पादचारी दिनी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्याचा उपक्रम झाला. महाराष्ट्रात माथेरानसारखे गाव तर मोटारींवाचूनच वाढले. या सर्व उदाहरणांत यश जेथे आले तेथे तीन गोष्टी दिसतात. गाडी ठेवावयास जवळ जागा होती, माल आणण्यासाठी वेळ राखून ठेवली होती, आणि बंदी सर्वांना सारखी लागू होती. यांपैकी एकही गोष्ट नसेल तेथे फलक उभा राहतो आणि वाहने त्याला वळसा घालून जातात.

सीमाभागात या तिन्हींच्या जोडीला चौथी एक गोष्ट लागते. बेळगावच्या पेठेत केए २२ या क्रमांकाच्या गाड्यांबरोबर चिक्कोडी, निपाणीकडील केए २३ च्या, कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या आणि गोव्याच्या गाड्या उभ्या असतात. निपाणीच्या पेठेत तर कागल, मुरगूड, गडहिंग्लज या बाजूचे गिऱ्हाईक नित्य येते. राज्याची सीमा नकाशावर असते; बाजारहाटाला ती ठाऊक नसते. १९५६ सालापासून या प्रदेशाच्या मनात जी सल आहे, तिच्यामुळे परक्या क्रमांकाच्या गाडीला झालेला साधा दंडही कधी कधी दंड न राहता अपमान भासतो. म्हणून नियमाची सूचना सर्वांना समजेल अशी असणे येथे अन्य शहरांपेक्षा अधिक निकडीचे आहे. रस्त्यावरील खुणांना चित्रांचे रूप देण्याचा प्रघात १९०९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय करारापासून पडला, तो याच विचाराने. कोणत्याही भाषेच्या प्रवाशाला हॉर्नवर मारलेली फुली समजते. चित्राखाली कन्नडबरोबर मराठी ओळही असली तर कोणाचे काही उणे होत नाही. उलट नियम पाळणारांची संख्या वाढते आणि ‘समजले नाही’ ही सबब नाहीशी होते.

या सर्व विचारांती एक भेद स्पष्ट करावा लागतो. गोंगाट हा एक प्रश्न आहे आणि गर्दी हा दुसरा. दोन्ही एकाच गल्लीत भेटतात म्हणून ते एक ठरत नाहीत. गोंगाटाचा अपराधी वैयक्तिक असतो. त्याच्या गाडीचा सायलेन्सर तपासता येतो, त्याला दंड करता येतो, आणि त्याच्यासाठी पडदे काढून देणाऱ्या कारागिरालाही जाब विचारता येतो. यासाठी पेठ बंद करण्याचे कारण नाही. गर्दीचा अपराधी मात्र कोणी एक नसतो. तेथे वेळेची वाटणी, गाड्या ठेवण्याची जागा, हातगाडीवाले, दुकानदार व गावकरी यांच्याशी विचारविनिमय आणि शक्य तर कोपनहेगनप्रमाणे प्रयोगाचा काळ, हाच मार्ग आहे. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की दोन्ही प्रश्न जागच्या जागी राहतात आणि नव्याण्णव निरपराधांच्या मनात नियमांविषयी अढी बसते.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी आता वाढत आहेत. त्यांना सायलेन्सरची गरजच नाही. कर्नाटकाने २०१७ साली अशा वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पुढील काळात पेठेतील यंत्राचा आवाज पुष्कळ कमी होईल, असे मानावयास जागा आहे. परंतु निःशब्द गाडीही वाट अडवितेच, आणि तिचा हॉर्न पूर्वीइतकाच कर्कश वाजू शकतो. तेव्हा बेळगावच्या आणि निपाणीच्या गल्ल्यांना यंत्राच्या सुधारणेची वाट पाहत बसून भागणार नाही. १८८८ साली या पेठेने नव्या वाहनाचे कौतुकाने स्वागत केले होते. त्या स्वागतात आता शिस्तीची भर घालावयाची आहे, आणि ती घालताना दुधाची किटली घेऊन येणारा गवळी, माडीवर निजलेले मूल व कडेला बसलेली फुलवाली या तिघांनाही जागा राहील, एवढी काळजी घ्यावयाची आहे. त्या तिघांना सामावून घेणारा नियम करणे नगरपालिकेला आणि पोलिसांना अवघड आहे. पण पेठ चालावी आणि वस्तीही टिकावी, अशी इच्छा असेल तर त्यावाचून दुसरा उपाय नाही.